यंदा गणपती घरीच घडू द्या

श्रावण लागला की आपल्या घरांतून गणपतीची बोलणी सुरू होतात. नारळ किती लागतील, पाहुणे किती येतील, झाकरीला कोणाला बोलवायचे आणि मूर्ती कोणाकडून आणायची. या शेवटच्या प्रश्नासंबंधी आज चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आहे. पूर्वी आपल्या गावांतून 'माती कधी भिजत घालायची' असे विचारले जाई. आता 'मूर्ती कितीला पडली' असे विचारले जाते. हा फरक वरवर दिसतो तितका किरकोळ नाही, असे आमचे मत आहे.

आमची सूचना साधी आहे. ज्या घरात सहा ते चौदा वर्षांचे मूल आहे, त्या घरचा यंदाचा गणपती त्या मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी मिळून मातीचा करावा. विकत आणू नये, दुसऱ्याकडून करवून घेऊ नये. वाकडा झाला तरी तोच पुजावा.

यावर पहिली शंका येते ती शास्त्राची. देवाची मूर्ती म्हणजे काय पोरांचा खेळ आहे का, असे आम्हांला एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी स्पष्टच विचारले. त्यांचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की, भाद्रपद शुद्ध चतुर्थीची जी पूजा आहे ती पार्थिव गणपतीची आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती आणि विसर्जनानंतर पुन्हा मातीच. मग त्या मातीला घरच्या लेकराचा हात लागला तर बाध कसला? १८३४ नंतर मुंबई बंदरातून जहाजात बसून जे आपले पूर्वज या बेटावर उतरले, त्यांच्यासाठी इथे काही मूर्तींचे दुकान मांडून कोणी बसले नव्हते. हेन्रिएटा गावात १८९६ साली या देशातला पहिला गणेशोत्सव झाला असे मानले जाते. आज त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते आणि समुद्रावर जाणाऱ्या मिरवणुकी पाहायला इतर समाजांचे लोकही उभे राहतात. याचा आम्हांला अभिमान आहेच. परंतु सणाला सरकारी सुट्टी मिळाली आणि सणातले हातकाम मात्र आपण सोडून दिले, असे होऊ नये.

आता जी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. ती मूर्तीची नाही, भाषेची आहे.

आमची नात सात वर्षांची आहे. शाळेत मराठी शिकते. 'माझी शाळा', 'माझा देश' असे निबंध तिला लिहिता येतात, अक्षरही वळणदार आहे. घरी मात्र ती क्रिओल बोलते, जशी आपल्या बहुतेक घरांतली मुले बोलतात. तिच्या आईलाही मराठी समजते, पण तोंडातून पटकन येत नाही. गेल्या वर्षी आम्ही तिघी-चौघे ओसरीवर वर्तमानपत्रे पसरून गणपती करायला बसलो. अर्ध्या तासाने पोरगी किंचाळली, "आजी, लात्रोंप इन कासे!" आजीने वर न पाहताच सांगितले, "सोंड मोडली होय? मोडू दे. चिखल लाव नि जोड." त्या दिवशी आजीच्या तोंडून एकामागून एक शब्द येत गेले. माती कूट, चाळ, तिंब, मळ, थाप. जरा सैल झाली, घट्ट कर. सुरकुती पडली, ओल्या बोटाने घोट. कान जोडायच्या आधी ओरखडे काढ. पोट लिंप. आता सावलीत ठेव, उन्हात तडकेल.

यांतला एकही शब्द तिच्या पाठ्यपुस्तकात आम्हांला आढळला नाही, आणि त्यात पुस्तकाचा दोष नाही. 'तिंबणे' हा शब्द फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. तो मनगट दुखते तेव्हा कळतो. शाळा नावे शिकवते: पेन, पुस्तक, झाड, नदी. कामाचे शब्द घरात शिकायचे असतात, आणि घरात काम करताना एकमेकांना जे बोलतो त्यातूनच ते येतात. स्वयंपाकघरात अजून थोडे उरले आहेत, कारण पुरणपोळी आणि मोदक आपण अजून हातांनी करतो. बाकीचे आपल्या आजीआजोबांबरोबर चालले आहेत. एका दुपारच्या चिखलाने मूल मराठी बोलू लागेल असा दावा आम्ही करीत नाही. पण पुढे आठवडाभर ती पोरगी कणीक मळणाऱ्या आईला "सैल झाली, घट्ट कर" असे बजावत होती, हे मात्र खरे. आणि आईही नकळत मराठीत उत्तर देत होती.

असो. आता करायचे कसे ते सांगतो, कारण नुसता उपदेश करून थांबणे बरे नव्हे.

आपले बेट ज्वालामुखीच्या दगडाचे आहे. महाराष्ट्रात वापरतात तशी पांढुरकी शाडू इथल्या जमिनीत खणून मिळणार नाही. उसाच्या शेतातली माती खडेगोट्यांनी भरलेली असते, ती नको. नदीकाठाला किंवा ओढ्याच्या वळणाला जी चिकट लालसर माती साचते ती पाहावी. जागा दुसऱ्याची असेल तर विचारून घ्यावी. परीक्षा सोपी आहे. ओली माती घेऊन पेन्सिलीएवढी वळी करावी आणि बोटाभोवती गुंडाळावी. तडा गेला नाही तर माती कामाची. ही परीक्षा मुलांनाच करू द्यावी, त्यांना फार आवडते. शामारेलच्या सप्तरंगी मातीकडे मात्र हात नेऊ नये. ती पाहायची आहे, आणायची नाही. त्या मातीचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा आहे आणि आपल्या गेरूचाही तोच, एवढे मुलांना तिथे नेऊन दाखवता येईल.

आणलेली माती वाळवावी, कुटावी, बारीक चाळणीने चाळावी आणि एक रात्र पाण्यात भिजत ठेवावी. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी ओतून टाकून माती कापडावर पसरली की हातांना न चिकटण्याइतकी घट्ट होते. मग थोडा कापूस विंचरून, अगदी धागे धागे करून त्यात घालावा व भरपूर मळावे. कापसाने माती धरून राहते. आमच्या पहिल्या वर्षी हा कापूस घालायचा राहिला आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री गणपतीच्या पोटाला आडवी भेग पडली. ती बुजवायला रात्रीचे बारा वाजले.

मूर्ती एक वीतभर पुरे. मुलाच्या हाताला झेपते आणि वाळतेही लवकर. पाटावर प्लास्टिक किंवा कागद घालून त्यावर भाकरीसारखी जाड बैठक थापावी. तिच्यावर नारळाएवढे धड. मांडीसाठी दोन वळ्या, घडी घालून पुढे आणलेल्या. धडात बांबूची बारीक काडी रोवून तिच्यावर डोक्याचा गोळा बसवावा, म्हणजे मान कलत नाही. कान म्हणजे दोन पुऱ्या. जोडायच्या दोन्ही जागांवर काट्याने ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावावा. कोरडे ओल्याला नुसते चिकटवले तर वाळताना गळून पडते. हात चार, त्यांत घाई करू नये. धड निम्मे वाळले की मूर्ती अलगद आडवी करून खालून चमच्याने आतली माती काढून पोकळ करावी. जाड गोळा बाहेरून आधी वाळतो, आतून नंतर, आणि त्या ओढाताणीत फुटतो. उंदीर सर्वांत धाकट्याकडे द्यावा. तो उंदरासारखा दिसलाच पाहिजे असा आग्रह धरू नये.

सोंडेविषयी एक गंमत. ती हत्तीची आहे हे मुलांना ठाऊक असते, पण ती कोणत्या बाजूला वळते यात आपल्या आज्या किती गुंतलेल्या असतात हे त्यांना ठाऊक नसते. आमच्या नातीने सोंड उजवीकडे वळवली आणि घरात एकच धांदल उडाली. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक सोवळे, ते आपल्याला कुठून जमायचे? माती ओली होती म्हणून निभावले. आजीने दोन बोटांनी सोंड डावीकडे फिरवली आणि पोरीला त्याचे कारणही सांगितले. तयार मूर्ती आणली असती तर हे बोलणे निघालेच नसते.

वाळवण्याच्या बाबतीत आपले बेट लहान असूनही एका नियमाने चालत नाही. व्हाकोआ, क्युरपीपकडच्या मंडळींनी अधिक दिवस धरावेत. तिथे त्या सुमारास झिमझिम पाऊस असतो आणि हवा दमट. चांगले दहा-बारा दिवस लागतात. कास्कावेल, ब्लॅक रिव्हरकडे उलट तक्रार. तिथल्या कोरड्या वाऱ्याने माती एका दिवसात कडक होते आणि चिरते, म्हणून पहिले दोन दिवस वर ओलसर फडके टाकून ठेवावे. ऊन दोन्हीकडे वर्ज्य.

रंगासाठी डबे आणायची गरज नाही. गेरू, हळद, काजळ आणि पांढऱ्यासाठी चुना एवढ्यात काम भागते. हळदीत चिमूटभर ओला चुना मिसळला की ती पाहता पाहता लाल होते. मोठ्या माणसाने चुना हाताळावा आणि मुलांना फक्त पाहू द्यावे; आमच्याकडे हा प्रयोग चार वेळा करून दाखवावा लागला. डोळ्यांची रेखणी सर्वांत शेवटी. ती घरातल्या ज्याचा हात स्थिर असेल त्याने करावी. आमच्याकडे हा मान जावयाकडे गेला, आणि कार्यालयात दिवसभर यंत्रासमोर बसणारा तो माणूस श्वास रोखून दोन डोळे रेखताना पाहणे हाही एक सणच होता.

यावरून आठवले. चिखलाचे काम म्हणजे बायकांमुलांचे, आणि मंडप व आवाजाच्या पेट्या म्हणजे पुरुषांचे, अशी एक वाटणी आपल्या समाजात होऊन बसली आहे. ती आम्हांला मुळीच मान्य नाही. कोकणात गणपतीचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीच चालवले आहेत. बापाने एक दिवस मातीत हात घालावा. मुलाला त्याचे अप्रूप अधिक वाटते.

दुसरी अडचण सांगतात ती वेळेची. आईबाप दोघे नोकरीला, मुलांच्या शाळेनंतर शिकवण्या, शनिवारीही शिकवण्या. ही अडचण खोटी नाही. परंतु वर सांगितलेले काम मोजून पाहिले तर दोन दुपारी मूर्तीच्या, एक संध्याकाळ रंगाची, बाकीचे दिवस माती आपली आपण वाळते. एवढा वेळ आपण बाजारात मूर्ती पाहत हिंडण्यात आणि ती गाडीत न मोडता घरी आणण्यात घालवतोच.

तिसरी अडचण कोणी उघड सांगत नाही, पण खरी तीच आहे असा आम्हांला संशय आहे. घरी केलेली मूर्ती शेजारच्या घरातल्या मूर्तीपुढे ओबडधोबड दिसते. दर्शनाला आलेले लोक काय म्हणतील? मग होते असे की आई किंवा काका मुलाच्या हातातून माती काढून घेतात, "दे, मी नीट करते" म्हणतात, आणि दहा मिनिटांत मूल उठून टेलिव्हिजनपाशी जाते. पालकांनी इथे हात आवरला पाहिजे. मुलाने केलेला कान मोठा झाला तर मोठाच राहू द्यावा. गणपतीचेच कान ते. पेटीत घालून विकायला ठेवलेले जे 'घरी करा' संच असतात, ज्यांत साचा, माती, रंग, ब्रश सगळे मापून दिलेले असते, त्यांच्याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. साच्यातून निघालेला गणपती सगळ्या घरांत सारखाच. त्यात मुलाला ठरवायला काही राहत नाही, आणि आजीला सांगायलाही काही राहत नाही.

ज्यांना यंदा काही कारणाने विकतच आणावी लागेल त्यांनी निदान ती कशाची आहे हे विचारून घ्यावे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात मातीसारखे विरघळत नाही. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्ती विसर्जनाचे नियम घालून दिले आणि २०२० साली ते अधिक कडक केले. आपल्याकडे तर किनाऱ्याला प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आतले पाणी उथळ व संथ. त्यात जे टाकू ते बराच काळ तिथेच राहणार.

हा समुद्र आपला आहे हे या बेटाने २०२० साली हातांनीच दाखवून दिले. वाकाशियो जहाज २५ जुलैला प्वांत देस्नीच्या खडकांवर चढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून तेल गळू लागले. तेव्हा माहेबुर्गच्या किनाऱ्यावर लोक जमले. उसाचे पाचट कापडात व जाळ्यांत भरून, शिवून, रिकाम्या बाटल्या तरंगायला बांधून त्यांनी लांबच लांब तरते बांध तयार केले. कापलेले केससुद्धा लोकांनी आणून दिले. कोणत्या धर्माचा, कोणत्या भाषेचा, हे कोणी विचारले नाही. म्हातारी माणसे शिवत होती, तरुण पोरे भरत होती. ज्याला सुई धरता येत होती आणि गाठ मारता येत होती त्याचा तिथे उपयोग झाला. आपल्या मुलांना गाठ मारता येते का, हे वाचकांनी एकदा घरी पाहावे. आम्ही पाहिले आणि आम्हांला थोडी लाज वाटली.

मूर्तीखेरीजही बरेच काही करता येईल. दिवाळीला बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील आहे, पतंगाचा कागद व खळ एवढेच त्याला लागते. तांदळाच्या पिठाची रांगोळी आहे. पण आमचा जीव खरा अडकला आहे तो किल्ल्यात. महाराष्ट्रात दिवाळीला मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर शिवाजीमहाराज आणि मावळे मांडतात. ही चाल आपल्याकडे फारशी दिसत नाही, ती आणावी असे आम्हांला फार वाटते. मोका येथे २०२३ साली महाराजांचा पुतळा उभा राहिला. त्याला हार घालायला आपण जातो, तर मुलांच्या हातून एक किल्लाही होऊ द्यावा. आणि आपण बेटावरची माणसे, तेव्हा किल्ला जलदुर्गच असावा. सिंधुदुर्ग घ्या. मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ साली त्याची पायाभरणी झाली आणि १६६७ साली तो पुरा झाला. आपल्यापैकी कितीतरी घरांचे मूळ त्याच किनारपट्टीचे. जुना टिनाचा पत्रा किंवा मोठे ताट घ्यावे, मधे मातीचे बेट, भोवती पाणी. तट सरळ नको, नागमोडी करावा, आणि दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवावा की समोरून पाहणाऱ्याला तो दिसू नये. मूळ किल्ल्यात तो तसाच आहे. मुलांना ही लपवाछपवी सांगितली की त्यांच्या डोळ्यांत चमक येते. तटाच्या आत ओल्या मातीत मेथी किंवा मोहरी पेरावी; चार-पाच दिवसांत हिरवे रान उभे राहते.

याला नवी माती आणायचीही गरज नाही. ज्यांचे घर समुद्रापासून किंवा नदीपासून दूर आहे त्यांनी वीतभर मूर्तीचे विसर्जन घरच्या स्वच्छ बादलीत करावे. आमच्याकडे मूर्ती विरघळायला एक रात्र लागली. पोरगी दर तासाला उठून पाहत होती, आणि पहाटे सोंड कुठे गेली म्हणून थोडी रडलीही. ती गाळाची माती आम्ही फडक्यावर वाळवून डब्यात भरून ठेवली. डब्यावर तिने आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लावली आहे: "आजीची माती. हात लावू नये."

यंदा तो डबा उघडायचा आहे. व्हाकोआकडच्या मंडळींनी श्रावणी पौर्णिमेच्या थोडे आधी आणि खालच्या किनाऱ्याकडच्यांनी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी माती भिजत घातली तरी वेळेत होईल.